गाळलेल्या जागा

सोमवार, ७ जून २००४. प्लेनो

हे हेडफोन साठ डॉलरचे. पण त्यांच्या आत जे दोन कान बसतात ते मला कितीला पडले, ते आज नव्या गावात नवी रोजनिशी उघडताना एकदा मांडून ठेवतो. सीताबर्डीवरच्या टायपिंग क्लासात उमेदीची दोन वर्षं. मग नागपूरच्या कोर्टात, तोंडात पान ठेवून बोलणाऱ्या वकिलांचं ऐकून मराठी टाइप करण्यात आठ. आणि उरलेली जवानी अमेरिकन डॉक्टरांच्या कॅसेटी कानात कोंबून घेण्यात, आधी नागपुरात, नंतर इकडे अमेरिकेत वेस्ट विंडसरला. रुचा पहिल्यांदा 'बाबा' म्हणाली तेव्हा मी शेजारच्याच खोलीत एका हृदयरोगतज्ज्ञाचं बोलणं टाइप करत होतो. सुनेत्रा म्हणते, तुला जगाचं सगळं ऐकू येतं, घरचं सोडून. तर असे हे कान. स्वस्तातले नाहीत.

पण वसूल आहेत. आमच्या धंद्यात शब्द कळला नाही की तिथे एक आडवी रेघ मारायची पद्धत आहे. शाळेच्या पेपरात 'गाळलेल्या जागा भरा' असायचं ना, तसं. डॉक्टर नंतर भरतो. माझ्या कागदावर रेघ नसते. सर्दी झालेला आणा, सँडविच खात बोलणारा आणा, गाडी चालवता चालवता बोलणारा आणा. रवींद्र देवघरे रेघ मारत नाही. हे मी छाती काढून सांगतो, आणि सांगितल्यावर कामं मिळतात हाही अनुभव आहे.

ऑफिस म्हणजे जुन्या बाजारातली वरच्या मजल्यावरची एक खोली. समोर लाइट रेलचं स्टेशन. गाडी शिरताना घंटा वाजवते. संध्याकाळपर्यंत मला पाठमोरा बसून सांगता यायला लागलं, गाडी डॅलसकडून आली की डॅलसला चालली. बाहेर ऊन नागपूरचं, फक्त धूळ नाही. सुनेत्रा आणि रुचा शाळेचं जमलं की येतील. तोवर कुकर, मी आणि ही वही. मजेत आहे.

शुक्रवार, ११ जून

काम सुरू झालं. डॉ. गुरुदत्त प्रधान स्वतः जिना चढून आले. इथल्या मराठी मंडळात त्यांना सगळे गुरुकाका म्हणतात. तीस वर्षं टेक्सासात लोकांची डोकी ताळ्यावर आणतायत. आल्या आल्या खुर्ची ओढून, चहा मागून, घरच्यासारखे बसले. माणूस आवडला.

काम असं आहे. गेल्या वर्षी सार्सच्या साथीत टोरांटोला नर्सेस कमी पडल्या, तेव्हा इथल्या एका एजन्सीने टेक्सासातून नर्सेस गोळा करून तिकडे पाठवल्या. एक परत आली नाही. ज्या आल्या त्यांना झोप नाही. एक बाई सारखा स्वतःचा ताप मोजते. एक गॅरेजमध्ये बसून एकटी जेवते, पोरांवर आपला श्वास पडू नये म्हणून. एजन्सी त्यांच्या उपचारांचा खर्च करतेय. मी म्हटलं, वा, लाज शिल्लक आहे म्हणायची कंपन्यांना. काका नुसते हसले.

उपचार ऐकायला सोपा आहे. बाईने डोळे मिटायचे आणि जे झालं ते आत्ता होतंय असं सांगायचं. 'मी गेले' नाही, 'मी जाते'. ते कॅसेटवर घ्यायचं. मी टाइप करायचं. मग तो कागद तिने घरी रोज मोठ्याने वाचायचा, भीतीची धार जाईपर्यंत. काका म्हणाले, भीतीला रोज घरी बोलावलं की ती पाहुणी राहत नाही रे, तिला कोणी चहासुद्धा विचारत नाही. टाइप झालं की कॅसेट इरेझरवर फिरवून कोरी करायची आणि परत पाठवायची. इरेझर म्हणजे इस्त्रीएवढं एक मशीन. बटण दाबून वरून कॅसेट फिरवली की बोललेलं सगळं गेलं.

बुधवार, १६ जून

आज फार संताप झालाय. नीट लिहितो.

सुलेखाबाईंची कॅसेट आली. मिरजेला नर्सिंग शिकलेली बाई. भीती मातृभाषेतच बोलते असं काकांचं म्हणणं, म्हणून तिचं मराठीत घेतलंय, आणि म्हणूनच त्यांना मराठी टाइप करणारा हवा होता. आवाज खणखणीत आहे, सांगलीकडचा हेल आहे.

गोष्ट छोटी. ती आणि कृष्णा, मिरजेच्या होस्टेलपासूनच्या मैत्रिणी, टोरांटोत एकाच वॉर्डात. कृष्णा समोर उभी आहे. तिचा मास्क ओला झालाय, ती दुसरा मागते. सुलेखा सुपरवायझरकडे जाते. कपाटाला कुलूप आहे. सुपरवायझर म्हणते, तुमच्या एजन्सीशी ठरलंय, शिफ्टला एकच, तोच कागदी पिशवीत ठेवून पुन्हा वापरा. सुलेखा तिथूनच प्लेनोला एजन्सीत फोन लावते. तिथला माणूस हसतो. म्हणतो, तुम्ही इंडियन मुली फार घाबरता बुवा. सुलेखा परत येते. कृष्णा विचारते, का गं? सुलेखा सांगते, देत नाहीत, कुलूप घातलंय, फोन केला तर हसले मेले. कृष्णा ओलाच मास्क चढवते आणि आत जाते. पुढे तिलाच सार्स होतो आणि श्वासासाठी घशात नळी घालतात. नळी घातल्यावर बोलता येत नाही. म्हणजे 'का गं?' हे तिचं सुलेखाला शेवटचं विचारणं.

मी एकही रेघ न मारता टाइप केलं.

मग काकांचा फोन. म्हणाले, एक सांगायचं राहिलं. कागदाची एक प्रत एजन्सीच्या वकिलाकडे जाते. तर एजन्सी, सुपरवायझर, कुलूप, फोन, असं काही आलं की तिथे आवाज नीट आला नाही असं समजायचं आणि रेघ मारायची. मी म्हटलं, काका, मला तर स्वच्छ ऐकू आलंय. त्यावर म्हणाले, ऐकू आलंय म्हणूनच तर रेघ कुठे मारायची ते तुला कळेल.

हरामखोर. मास्क द्यायला हात आखडला आणि उपचाराला सैल सोडलाय. मला शिव्या पुष्कळ येतात, नागपूरचा आहे. पण करार वर्षभराचा आहे, आणि सुनेत्राला मी सांगून बसलोय की इथे जम बसणार.

मारल्या रेघा. आयुष्यातल्या पहिल्या. फक्त तिची कॅसेट पुसली नाही. दुसरी कोरी परत पाठवली आणि ती खणात टाकली. का ते माहीत नाही. धंद्यातला माणूस मूळ माल हातचा जाऊ देत नाही, एवढंच.

शनिवार, २६ जून

सुलेखाबाई स्वतःच ऑफिसला आल्या. आपली गोष्ट कोण टाइप करतो ते बघायचं होतं म्हणे. चाळिशीच्या, ठेंगण्या, हातात भडंगाचा डबा. पहिल्याच वाक्याला मला रवीभाऊ करून टाकलं. मंडळात माझ्या कानांची कीर्ती पोचलेली आहे. म्हणाल्या, असले कान आमच्या गल्लीत एका शेजारणीला होते, तिच्यापायी तीन लग्नं मोडली. भडंगात लसूण मस्त आहे म्हटलं तर म्हणाल्या, तुम्हा नागपूरच्या माणसाला तिखट लागलं नाही म्हणजे माझंच चुकलं. तासभर हसवलं बाईने. मग पर्समधून कागद काढून मला वाचून दाखवला.

'कृष्णा समोर उभी आहे. तिचा मास्क ओला आहे. ती माझ्याकडे दुसरा मागते. ______ मी परत येते. हातात काही नाही. कृष्णा विचारते, का गं? ______ ती ओलाच मास्क चढवते आणि आत जाते.'

तिच्या तोंडून ऐकलं तेव्हा कळलं. टाइप करताना हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. कुलूप काढलं, फोन काढला, हसणारा माणूस काढला, की मागे काय उरतं? मैत्रिणीने मास्क मागितला आणि हिने दिला नाही, एवढंच. गुन्हा त्यांचा, कबुलीजबाब हिचा. कोर्टात आठ वर्षं काढली मी. असा कबुलीजबाब पोलिसांनासुद्धा मारझोड केल्याशिवाय मिळत नाही.

तिने विचारलं, या रेघा कसल्या हो? मी म्हटलं, तिथे आवाज नीट आला नाही. तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, असेल, मी रडत होते. आणि काकांनी सांगितलंय, रेघ आली की तिथे एक मोठा श्वास घ्यायचा, सोडायचा, आणि पुढे जायचं.

मंगळवार, १३ जुलै

आता घरी वाचतानाही त्या रेकॉर्ड करतात आणि कॅसेट माझ्याकडे येते. कुठे अडखळल्या, कुठे रडल्या, ते मी खुणा करून काकांना द्यायचं.

आजच्या कॅसेटवर पहिली रेघ आली. सुलेखाने श्वास घेतला. सोडला. आणि त्याच्यामागून दुसरा श्वास आला.

टेप पायाने चालवायच्या पेडलवरून मी पाय उचलला. पाय उचलला की टेप जराशी मागे जाते, तोच तुकडा पुन्हा लागतो. पुन्हा ऐकलं. पहिला श्वास नाकाचा, बाईचा. दुसरा मशीनचा. आत ढकललेला आणि मग आपोआप सुटलेला, त्यात थोडं पाणी असल्यासारखी घरघर. हॉस्पिटलच्या कॅसेटी इतकी वर्षं ऐकल्यात, व्हेंटिलेटरचा आवाज मी झोपेतही ओळखीन. तिच्या घरी व्हेंटिलेटर कुठून येणार? एसी असेल म्हणून फोन करून विचारलं. म्हणाल्या, एसी बंद करून वाचते, गार हवेत वॉर्ड आठवतो.

हेडफोनच्या डाव्या बाजूनेच येतो तो. भर दुपार, समोर स्टेशनावर माणसं आइस्क्रीम खातायत, आणि मी तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावतोय.

बुधवार, २१ जुलै

आज शब्द आला.

रेघ. सुलेखाचा श्वास. तो दुसरा श्वास. आणि घरघरीतून अगदी मवाळ, होस्टेलच्या खोलीत कॉटवरून कॉटवर विचारावं तसं, का गं?

सुलेखाचा आवाज नाही. तिने तर पुढचं वाक्य सुरूही केलं होतं, हा त्याच्या खालून आला. मी पेडल इतकं दाबलं की पायात गोळा आला. दर वेळी तोच सूर. उत्तर मिळालं नाही म्हणून पुन्हा विचारतंय कोणी.

मग दुसरी कॅसेट लावली, डोकं ठिकाणावर आणायला. ती गॅरेजमध्ये जेवणारी बाई, फिलिपिन्सची. तिच्याही कागदावर मी रेघा मारल्यात. तिच्या पहिल्या रेघेवर, डावीकडून, मराठीत, का गं?

तडक काकांकडे गेलो. आवाजाचं बोललो नाही, मला वेड्यात काढलं असतं. रेघांचं बोललो. म्हटलं, काका, तुम्ही तिला बरं करत नाही आहात, तिच्यावर खून लादताय. ते म्हणाले, न्याय देणं माझं काम नाही रवी, झोप देणं माझं काम आहे. आणि ती झोपतेय. आल्या दिवशी भीती शंभरात नव्वद होती, आता पन्नासवर आलीय. मी म्हटलं, झोपेलच. फाशीची शिक्षा ऐकल्यावर कैदी झोपतात, मी पाहिलंय. तर मला सांगतात, भाषा फार छान आहे तुझी, मंडळाच्या अंकात लिही.

निघताना ते आणखी काहीतरी पुटपुटले. हल्ली काका तोंडातल्या तोंडात बोलतात.

सोमवार, २ ऑगस्ट

सगळं बिनसलंय. डाळ करपली. या कुकरची शिट्टी गेलीय, वाजतच नाही. सुनेत्राला फोन केला तर म्हणते, किंचाळतोस काय. मी म्हटलं, लाइन खराब आहे. ती म्हणाली, तू सारखं 'काय? काय?' करतोस, एकदा कान दाखव. मी चिडलो. माझे कान! तिला म्हटलं, माझ्या कानांवर तुझा संसार उभा आहे. तिने फोन ठेवला.

त्या एजन्सीने कॅसेटीही हलक्या पाठवल्यात. व्हॉल्यूम टोकाला नेला तरी सगळं घरघरतं. फक्त एक गोष्ट स्वच्छ येते. ती डावीकडून येते.

आज लाइट रेल बंद असावी. दिवसभर घंटा नाही.

काकांचा निरोप आला, सुलेखाची भीती वीसवर आली. आता रडत नाही. शांतपणे वाचते. एजन्सीवाले खूश आहेत, हिची केस नमुना म्हणून दाखवणार आहेत. नमुना!

हे लिहिताना मान वर केली. समोरून गाडी गेली. खिडकीएवढी गाडी, माणसांनी भरलेली. आवाज न करता गेली.

सोमवार, ९ ऑगस्ट

दुपारी सुलेखाच्या अपार्टमेंटवर गेलो. दार उघडलं तर तोंडावर मास्क. घरात एकटी, आणि मास्क. ओला. हनुवटीवरून पाणी गळत होतं. नळाखाली धरून चढवते म्हणे वाचताना, म्हणजे नीट आठवतं. भडंग नाही, टोमणा नाही, काही नाही. मास्कच्या आत काय बोलते ते मला कळेना, म्हणून काढायला लावला.

म्हणाली, बरं वाटतं आता रवीभाऊ. मान्य केलं की बरं वाटतं. येत्या आठवड्यात मिरजेला कृष्णाच्या आईला फोन करणार आहे. मावशी वर्षभर विचारतायत, माझ्या लेकीला मास्क का नव्हता. सांगून टाकते, मीच दिला नाही.

मग मात्र मी सगळं ओकलो. कुलूप, सुपरवायझर, फोन, हसणारा माणूस. सगळं तूच बोललीस, मी ऐकलं, मी खोडलं, पैशांसाठी खोडलं. ओरडूनच सांगितलं. ती हसली. कीव केल्यासारखी. म्हणाली, फार चांगले आहात तुम्ही, माझ्यासाठी गोष्ट रचलीत. पण मी कुठे गेलेच नव्हते हो. मला आठवतं ना. ती मागते, मग मी श्वास घेते, आणि परत येते.

मध्ये फक्त श्वास! माझ्या रेघेने तिची आठवण खाल्लीय.

मी म्हटलं, माझं ऐकू नको, स्वतःचं ऐक. तुझ्या आवाजातली कॅसेट माझ्या खणात आहे. त्या म्हातारीला त्याआधी फोन करू नको. पुढच्या बुधवारी ये, तोवर मी बाकीच्या नर्सेसच्याही शोधतो, सगळ्यांचं एकदम बाहेर काढू. तुझा माझ्या कानांवर विश्वास आहे ना?

ती म्हणाली, येते. माझ्या आवाजात असेल तर मानीन. नाहीतर तिथूनच मावशींना फोन करीन.

बुधवार, ११ ऑगस्ट

बाकीच्यांच्या कॅसेटी कुठल्याच उरल्या नाहीत. मीच पुसल्यात, करारात आहे म्हणून. एकच आहे, खणातली.

लावली ती आज.

कृष्णा समोर उभी आहे, हे ऐकू आलं — म्हणजे पाठ आहे म्हणून कळलं. आणि मग जिथे कुलूप यायला हवं तिथे घरघर. फोन यायला हवा तिथे घरघर. हसणारा माणूस — घरघर. वाक्यंच्या वाक्यं गेलीत. मी स्वतः ऐकलंय हे, याच खुर्चीत, याच कानांनी! आणि प्रत्येक जागी डावीकडून —

का गं?

का गं?

गुरुवार, १२ ऑगस्ट

काकांना फोन केला, विचारलं, कॅसेट बदललीत का? ऑफिसची किल्ली कोणाला दिलीत? ते काहीतरी बोलले. घुंघुं. लबाड माणूस सरळ बोलत नाही.

पुन्हा लावली. पन्नास वेळा. घरघर वाढतेय. शब्द एकच.

हे त्या बाईला ऐकवू? आपला आवाज ऐकायला येईल, आणि तिच्या कानात मैत्रिणीची शेवटची घरघर, आणि ती का गं, का गं — तिथल्या तिथे जीव जाईल तिचा. नाही. हे नाही ऐकवणार. तोंडीच सांगीन पुन्हा. पाया पडून सांगीन.

इरेझरचं बटण दाबलं. कॅसेट फिरवली. दोनदा फिरवली, मशीन तापेपर्यंत. मर एकदाची, म्हटलं. नीघ माझ्या टेपमधून.

लावून पाहिली. कोरी. घरघर नाही. काही नाही.

हेडफोन काढून ठेवले. टेबलावर. बंद.

डावीकडून —

शनिवार, १४ ऑगस्ट

हेडफोनशिवाय येतं. आंघोळ करताना. दुकानात रांगेत. भर उन्हात गाडीत, काचा बंद.

आणि बदललंय. काल संध्याकाळपासून 'गं' नाही. मला विचारतंय.

का हो?

मी सांगितलं सगळं. मोठ्याने सांगितलं, स्टेशनाच्या बाकावर बसून — करार होता, म्हणून. लोक उठून दूर गेले. त्या आवाजाला उत्तर पटत नाही. मलाही —

सोमवार, १६ ऑगस्ट

सुनेत्राने तिथून कानाच्या डॉक्टरणीची अपॉइंटमेंट घेतली, रुचाने माझ्या फोनवर पत्ता टाइप करून पाठवला. गेलो. काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबा. मी दाबत होतो. ती बाई बाहेरून मान हलवत होती — आवाज सोडलाच नव्हता तिने, असं म्हणाली बहुतेक.

शेवटी तिने लिहूनच दिलं. मोठ्या अक्षरात. काही आठवड्यांत झालंय. इतकी वर्षं आवाज कोंबलात, वर काहीतरी झटका. उजव्या कानात बोलणं पोचतं, शब्द पोचत नाहीत. समोरचा बोलतो ते तुम्ही ओठांवरून ओळखता, तुम्हाला कळत नसलं तरी.

मी लिहून विचारलं, रेकॉर्ड केलेलं चांगलं स्पष्ट वाक्य मला कसं ऐकू येईल?

तिने लिहिलं, घरघर.

मी — कॅसेट ठीक होती. सगळं होतं तीवर. कुलूप, फोन, तो हसणारा — सगळं. सुलेखाच्या आवाजात. कोणालाही ऐकू आलं असतं. खालच्या दुकानदाराला आलं असतं.

मी पुसलं.

डाव्या कानाचं तिने वेगळ्या कागदावर दिलंय. घडी उघडली नाही.

बुधवार, १८ ऑगस्ट

येणार ती. आज.

काय ऐकवू? कोरी टेप फिरेल. ती श्वास घेईल, सोडेल — म्हणेल, बघा, मी गेलेच नव्हते. आणि इथूनच मिरजेला फोन. म्हातारी उचलेल. एजन्सीचा वकील, गुरुकाका, मी — सगळे सुटलो. एक बाई अडकली. शाबास, देवघरे.

गाडी लागली तिची खाली. दिसली. मास्क आहे तोंडावर. जिना चढत असेल. चढतेय की नाही — कळत —

का हो?

शिवी दिली. थांबत नाही.

का हो, रवीभाऊ?

अगदी कानाशी. उबदार. ओला वास. डावीकडे भिंत आहे नुसती —

तो दुसरा कागद उघडला. एकच ओळ आहे. डाव्या कानाने मला काहीही ऐकू येत ______